उष्णता कोणाच्या मालकीची?

घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीलगत रेडिएटर घ्यावेत, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकाव्यात, की विजेचे हीटर लावून मोकळे व्हावे, हा प्रश्न युरोपात ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीनिवडीचा मानला जातो. ही समजूत विक्रेत्यांच्या सोयीची आहे. पाण्यावर चालणारा रेडिएटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अन्यत्र तापलेल्या पाण्याची ऊब तो खोलीला देतो, इतकेच. ते पाणी कोण तापवितो, कशावर तापवितो आणि त्याचे दाम कोण मोजतो, हा खरा प्रश्न होय.

भाडेकरूचेच पाहा. विजेचा साधा हीटर बसविण्यास स्वस्त, चालविण्यास महाग. बसविण्याचा खर्च घरमालकाचा, बिल भाडेकरूचे. तेव्हा घरमालक काय निवडील हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. याउलट हीट पंप एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो. पण त्यास भांडवल मोठे लागते, आणि पाणी फार तापवावे लागले की त्याची किफायत घटते. फरशीखालच्या नळ्यांना पस्तीस-चाळीस अंशांचे पाणी पुरते, जुन्या लहान रेडिएटरांना साठ-सत्तर अंशांचे लागते. म्हणजे ज्याचे घर जुने व भिंतींतून ऊब निसटणारी, त्याने आधी घर दुरुस्त करावे, मग स्वस्त चालणारे यंत्र घ्यावे. ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याला ऊब महाग पडते ती अशी.

डेन्मार्कने या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. १९७३ च्या तेलसंकटात आयात तेलावर विसंबलेल्या त्या देशाला रविवारी खाजगी मोटारी चालविण्यावर बंदी घालावी लागली. १९७९ साली तेथे उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला. कोणत्या वस्तीत सामायिक गरम पाण्याचे नळ न्यावयाचे आणि कोठे गॅस, याचे नियोजन नगरपालिकांकडे आले. वीजकेंद्रांत वाया जाणारी उष्णता घरोघर पोचू लागली. कचरा जाळून मिळालेली उष्णता तर फ्रेडरिक्सबर्ग येथे १९०३ पासूनच वापरात होती. या पुरवठ्यावर नफा घ्यावयाचा नाही, दर आवश्यक खर्चाइतकाच असावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आज त्या देशातील सुमारे दोन-तृतीयांश घरांना अशी उष्णता मिळते, आणि पुरवठा करणाऱ्या बहुतेक संस्था नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्या सहकारी मालकीच्या आहेत.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. जोडणी घेण्याची सक्ती झाली, आणि ग्राहक थोडे व नळांचे कर्ज मोठे अशा लहान गावांत दर चढे राहिले. कोळशाऐवजी लाकूड जाळण्यावर दिलेला भरही निर्वेध म्हणता येत नाही. परंतु सहकारी संस्थेतील ग्राहकाला चढ्या दराचा जाब सभासद या नात्याने सर्वसाधारण सभेत विचारता येतो. खाजगी गॅस कंपनीच्या ग्राहकाला ती सोय नसते.

जर्मनीत २०२३ साली याच्या उलट क्रम लागला. निम्म्याच्या आसपास घरे गॅसवर तापणाऱ्या त्या देशात, नव्या यंत्रातील ६५ टक्के उष्णता नवीकरणीय असावी, असा मसुदा सरकारने आणला. आपल्या गल्लीत सामायिक नळ येणार की नाही हे ठाऊक नसताना यंत्र निवडण्याची पाळी गृहस्थांवर येणार होती. साहजिकच संताप उसळला. अखेर अस्तित्वात असलेल्या घरांपुरती ही अट नगरपालिकांच्या उष्णता-नियोजनाशी जोडावी लागली. डेन्मार्कने त्या नियोजनास चव्वेचाळीस वर्षे आधी हात घातला होता.