मंत्रचळ : उपचार आहेत, वाट कोण दाखवणार?

घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर 'कुलूप नीट लागले ना?' अशी शंका कोणालाही येते. एकदा मागे जाऊन पाहिले की ती फिटते. काही माणसांची ती फिटत नाही. ती पुन्हा जिना चढतात, कुलूप ओढून पाहतात, उतरतात आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरतात. कोणाचे दोन-दोन तास न्हाणीघरात जातात, तर कोणी कातडी सोलवटेपर्यंत हात धूत राहतो. अशा वागण्यासाठी मराठीत 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. वैद्यकशास्त्र त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, अर्थात 'ओसीडी' म्हणते. हा स्वभाव नसून आजार आहे आणि तो उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो, ही जाणीव मात्र अजून घरोघरी पोहोचलेली नाही.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्यात ओसीडीचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के, म्हणजे शंभरांमागे जवळपास एक, असे आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

उशीर कुठे होतो?

हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला डोके वर काढतो. शिक्षण, नोकरी, लग्न यांची हीच वर्षे. नको असलेला विचार मनात घुसतो, त्यातून असह्य अस्वस्थता येते, ती घालवण्यासाठी एखादी कृती करावी लागते आणि क्षणभर बरे वाटते. त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी तो विचार अधिक जोराने येतो. आपण करतो ते निरर्थक आहे, हे बहुतेक रुग्णांना कळत असते, म्हणूनच ते लपवतात.

ज्यांची लक्षणे बाहेर दिसत नाहीत, त्यांची कोंडी आणखी मोठी. देवापुढे हात जोडले की अर्वाच्य शब्द मनात येणे, तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल या भीतीने सुरीला हात न लावणे, हीदेखील ओसीडीचीच रूपे आहेत. अशा विचारांनी रुग्ण स्वतःच हादरलेला असतो. ते त्याच्या इच्छेचे प्रतिबिंब नसतात. पण हे सांगायचे कोणाला?

घरच्यांचे प्रेमही इथे आड येते. आई नकळत मुलीसाठी चार वेळा भांडी विसळते, पती रोज रात्री 'गॅस बंद आहे' याची दहादा ग्वाही देतो. भांडण टळते, आजार मात्र पोसला जातो. सोवळ्या-ओवळ्याची परंपरा असलेल्या घरात तर अतिरेकी धुण्या-पुसण्याचे कौतुकच होते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अवघ्या देशाला वारंवार हात धुण्यास सांगितले गेले, तेव्हा कित्येकांच्या आजाराला सावधगिरीचे रूप मिळाले. अखेर हातांची कातडी फाटली म्हणून रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो. मानसोपचारतज्ज्ञाचा दरवाजा पुष्कळदा सर्वांत शेवटी ठोठावला जातो.

उपचार म्हणजे नेमके काय?

उपचारांचे दोन मार्ग सिद्ध झालेले आहेत. पहिला औषधांचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही औषधे आणि त्यांच्याही आधीपासून वापरात असलेले क्लोमिप्रामिन आपल्याकडे मिळतात. ही झोपेची औषधे नव्हेत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. मात्र नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा ओसीडीसाठी मात्रा बऱ्याचदा अधिक लागते आणि गुण येण्यास आठ ते बारा आठवडे जातात. 'तीन आठवडे घेतली, फरक नाही' म्हणून औषध सोडणारे रुग्ण उपचार सुरू होण्यापूर्वीच संपवतात. बरे वाटू लागल्यावरही किमान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायचे असते.

दुसरा मार्ग वर्तनोपचाराचा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये त्याची पायाभरणी केली. ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि नंतरची ठरलेली कृती करायची नाही, असे त्याचे सूत्र आहे. दाराच्या कडीला हात लावायचा आणि तो धुवायचा नाही. अस्वस्थता वाढते, टिकते आणि हात न धुताही सोसता येते, हे रुग्ण अनुभवाने शिकतो. नुसता धीर देणारे समुपदेशन इथे अपुरे पडते. वारंवार 'काही होणार नाही' असे सांगत राहिल्यास ते सांगणेच रुग्णाची नवी गरज बनते.

कायदा आहे, सोय कुठे?

खरी अडचण या दुसऱ्या मार्गावर आहे. याच सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, आणि वर्तनोपचारात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ त्याहून दुर्मीळ. ते आहेत तेही प्रामुख्याने मोठ्या शहरांत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. तेवढ्यात औषध लिहून देता येते, वर्तनोपचार करता येत नाही. खासगीत तो घ्यावा, तर दर आठवड्याच्या शुल्काचा भार कित्येकांना पेलत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही तो सांगतो. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा, हे बंधनही त्यात आहे. परंतु आरोग्य विम्याच्या बहुतेक योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात आणि ओसीडीचा बहुतांश उपचार दाखल न होता चालतो. परिणामी कागदावरचा हक्क या रुग्णाच्या खिशापर्यंत क्वचितच पोहोचतो. बाह्यरुग्ण उपचारांना विम्याचे संरक्षण आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात वर्तनोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली माणसे, या दोन गोष्टींचा आग्रह शासनाकडे धरायला हवा.

तोवर रुग्णाने थांबू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, तसेच पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हा कमी खर्चाचा आरंभ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क प्राथमिक मार्गदर्शन मिळते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडताना त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ओसीडीचे रुग्ण त्याने हाताळले आहेत का आणि तो घरी करायचा सराव देतो का, हे विचारण्यात संकोच नको. घरातील एका व्यक्तीने सोबत जावे. दहादा ग्वाही देणे कसे थांबवायचे, हे तिलाही शिकावे लागते.

मधुमेहाचे निदान झाले की आपण घरी उघडपणे बोलतो आणि पथ्य सुरू करतो. मंत्रचळाविषयी तसे बोलता आले, तर पंधराव्या वर्षी सुरू झालेला आजार तिशीत डॉक्टरांपुढे जाणार नाही. मधली वर्षे मात्र कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत.