वारस कोण? सातबारा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो प्रकरणात समलिंगी जोडप्यांना विवाहाची मान्यता देण्यास नकार दिला. 9 जानेवारी 2025 रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. आमचे काही कार्यकर्ते म्हणाले, हा मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे? आम्हाला हे मान्य नाही.

भोर-वेल्ह्याचेच उदाहरण घेऊ. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली घेतला. तालुक्याचे नाव बदलते, कायद्यातली 'कुटुंबा'ची व्याख्या मात्र हलत नाही.) समजा, डोंगरातल्या वाडीतील दोन बाया शिरवळच्या कारखान्यात कामाला आहेत आणि वीस वर्षे एका खोलीत संसार करीत आहेत. एकीच्या नावावर बापाकडून आलेली वीस गुंठे जमीन आहे. ती वारली तर? हिंदू वारसा कायदा, 1956 आम्हा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे ही जमीन बापाच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावाकडे जाणार. फेरफारासाठी तलाठ्यापुढे भाऊ उभा राहील. जिने आजारपणात उशाशी बसून रात्री काढल्या, तिचे नाव त्या नोंदीत कुठेच नसेल. भविष्य निर्वाह निधीचेही तेच. म्हातारी आई तिच्यावर अवलंबून असेल, तर मैत्रिणीच्या नावाचे नॉमिनेशन टिकत नाही. कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे भाटघर, नीरा देवघर, पानशेतच्या धरणग्रस्तांना विचारा!

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी जोडीदाराला एकाच शिधापत्रिकेवर धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडू द्यावे, नॉमिनी करू द्यावे, अशा सूचना निघाल्या. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तर सर्वोच्च न्यायालयानेच शेअर्सबाबतच्या शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. बँक पैसे जोडीदाराच्या हाती देईल आणि भाऊ दिवाणी दावा लावील.

मुलांचे हाल याहून वाईट. दत्तक नियमांत जोडप्याला दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संबंध लागतो. सुप्रियो प्रकरणात तो नियम तीन विरुद्ध दोन मतांनी कायम राहिला. एकटीने दत्तक घेता येते, पण मग त्या लेकराला कायद्याने एकच आई. ती दगावली की दुसरी परकी!

खरे तर आमच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. भटाशिवाय लावलेली सत्यशोधक लग्ने याच पुणे जिल्ह्यात, ओतूरला, कोर्टात खेचली गेली होती. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. आणि 1934 साली 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेबच. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. जयंतीला डीजे लावणाऱ्या आमच्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

विशेष विवाह कायदा, 1954 संसदेने दुरुस्त करावा, ही मागणी चळवळीच्या व्यासपीठावरून झाली पाहिजे. पण संसद कधी जागी होईल याची वाट पाहत मरता येत नाही. म्हणून अशा जोडप्यांनी मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी, कारण भांडण होणारच आहे. त्यातही एक मेख आहे. जोडीदार शेतकरी नसेल, तर शेतजमीन मृत्युपत्राने देतानाही कुळकायद्याचे कलम 63 आड येऊ शकते. तेव्हा सहीआधी तिच्या नावावर कुठे गुंठाभर तरी सातबारा आहे का, तेवढे तपासून घ्यावे.