विपाशेला तिचा काठ परत द्या!

२०२३ च्या जुलै महिन्यात बियास नदीने कुलू-मनालीच्या खोऱ्यात जे तांडव मांडले, त्याच्या जखमा बुजण्यापूर्वीच २०२५ च्या ऑगस्टअखेरीस तिने त्याच खोऱ्यावर दुसरा घाला घातला. पहिल्या खेपेस रस्ते, पूल, मोटारी आणि घरे वाहून गेली व हजारो प्रवासी डोंगरात अडकून पडले. दुसऱ्या खेपेस काठावरची दुकाने आणि उपाहारगृहे गेली, आणि नव्याने दुरुस्त केलेल्या मनाली-कुलू रस्त्याचे पुन्हा लचके तुटले. असे होऊनही प्रत्येक पुरानंतर, रस्ता खुला झाला आणि पर्यटक परतू लागले की, ‘खोरे पूर्वपदावर आले’ अशी ग्वाही देण्यात येते. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे पूर्वपद म्हणजे नेमके काय? त्याच काठावर तीच इमारत आणि त्याच उभ्या कापलेल्या कड्याखाली तोच रस्ता, असा त्याचा अर्थ असेल, तर ते पुनर्वसन नव्हे. ते पुढच्या पुराला दिलेले आमंत्रण होय!

या नदीचे प्राचीन नाव विपाशा. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या वसिष्ठांनी स्वतःला पाशांनी जखडून तिच्या प्रवाहात उडी घेतली, तेव्हा तिने ते पाश तोडून त्यांना काठावर आणून सोडले, अशी महाभारतातील कथा आहे. या नदीला बांधून ठेवता येत नाही, हे पहाडातील जुन्या माणसांनी ओळखले होते. म्हणूनच जुन्या मनालीची वस्ती आणि नगरचा जुना गढीवाडा नदीच्या पात्रापासून दूर, उंचावर वसलेला आहे. लाकूड आणि दगड यांचे थर रचून बांधलेल्या त्या वास्तूने १९०५ चा कांगड्याचा भूकंपही पचवला. आम्ही मात्र चौपदरी महामार्गासाठी डोंगर उभे कापले, त्यांचा राडारोडा नदीत लोटला आणि पात्राला खेटून मजल्यावर मजले चढवले. पाऊस निसर्गाने पाडला हे खरे. पण त्याने केलेल्या नाशात माणसाचाही वाटा आहे. हा असाच कारभार चालू राहिला तर हिमाचल प्रदेश नकाशावरून नाहीसा होईल, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. त्यानंतर महिनाभरातच बियासने आपली साक्ष नोंदवली!

तथापि, मुंबई-पुण्यात बसून पहाडी माणसाला उपदेश करणे सोपे आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मनालीला जाणारे आम्हीच ना? ‘नदी दिसेल अशी खोली द्या’ हा आग्रह कोणाचा? गिऱ्हाईक मागेल ते दुकानदार मांडतो. शिवाय नदीकाठ सोडून त्या माणसाने जावे कोठे? हिमाचलची सुमारे दोन-तृतीयांश भूमी वनभूमी म्हणून नोंदलेली आहे, आणि १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानुसार ती अन्य कामासाठी देण्यास केंद्र सरकारची संमती लागते. २०२३ च्या पुरानंतर राज्य सरकारने संपूर्ण पडलेल्या घरासाठी सात लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ज्याच्या घराखालची जमीनच नदीने नेली, त्याने ते सात लाख घेऊन घर काय आकाशात बांधायचे? तो पुन्हा त्याच काठावर येतो. त्यात त्याचा हट्ट नसतो, निरुपाय असतो.

म्हणून आम्ही निक्षून सांगू इच्छितो की, या प्रश्नाला तीन बाजू आहेत आणि एक सोडून दुसरी सुटणार नाही. पहिली गोष्ट, १९९५, २०२३ आणि २०२५ मध्ये पाणी जेथवर चढले, तेथवर जमिनीवर दगड रोवून पूररेषा आखावी आणि तिच्या आत, मालक कितीही मोठा असला तरी, नवे बांधकाम होऊ देऊ नये. कागदावरच्या पूररेषांची काय गत होते, हे मुठाकाठच्या पुणेकरांना सांगावयास नको. दुसरी गोष्ट, जमीन गमावलेल्यांपुरती वनकायद्याची अट केंद्राने शिथिल करावी आणि त्यांना उंचावर, निर्धोक ठिकाणी जागा द्यावी. अब्जावधींच्या महामार्गासाठी वनभूमी मिळू शकते, तर बेघर झालेल्या माणसाला चार खोल्यांपुरती का मिळू नये?

तिसरी गोष्ट आमच्या-तुमच्या हातची आहे. भीतीने मनालीकडे पाठ फिरवणे हा उपाय नव्हे. त्याने टॅक्सीवाला, घोडेवाला आणि शाली विणणारी बाई हीच आधी उपाशी मरतील. जरूर जावे. पण पावसाळा टाळून जावे, वरच्या गावांत उतरावे आणि नदीकाठची खोली मागू नये. ती मागणारा कोणी उरला नाही, तर बांधणाराही उरणार नाही.

विपाशेने वसिष्ठांचे पाश तोडले, पण त्यांना जिवंत काठावर आणून सोडले. आम्ही तिच्याभोवती आवळलेले पाशही ती तोडणारच आहे. मात्र बांधणाऱ्याला ती दर वेळी सुखरूप काठाला लावील, या भरवशावर कोणी राहू नये.