शाळा पाड्यावर गेली, मैदान कधी जाणार?

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी प्रथमच ८०० मीटरची शर्यत ठेवण्यात आली. जर्मनीची लीना राड्के ती जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर टेकल्या. पुरुषांच्या शर्यतीनंतरचे हे नेहमीचे दृश्य. परंतु वृत्तपत्रांनी त्याचे असे भडक चित्र रंगवले की, स्त्रीदेहाला हे अंतर झेपत नाही असा निवाडाच होऊन गेला. वास्तविक अंतिम शर्यतीतील नऊही जणींनी अंतर पूर्ण केले होते. तरीही महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये परतली ती १९६० साली, रोममध्ये. एका गैरसमजाची किंमत ३२ वर्षे!

पुढची वाटही सोपी नव्हती. १९६६ साली बॉबी गिब बॉस्टन मॅरेथॉनमध्ये नोंदणीविना, झुडपाआडून निघून धावली. दुसऱ्या वर्षी कॅथरिन स्विट्झर आद्याक्षरांनी नाव नोंदवून धावू लागली, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बॉस्टनची दारे महिलांना अधिकृतपणे उघडली १९७२ साली आणि ऑलिम्पिक मॅरेथॉनची १९८४ साली. त्यानंतर वर्षभरातच, १९८५ मध्ये जकार्ता येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या आशा अगरवालने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले. संधी मिळताच भारतीय स्त्रीने उशीर लावला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला हा मान आणला तो सह्याद्रीतील एका वनवासी कन्येने. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपलीकडे, नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदकाची मानकरी ठरली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच अंतरात रौप्यपदक मिळवले. २०१२ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन, असा तिचा प्रवास झाला. तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतले.

मात्र या कौतुकात एक सोयीस्कर समजूतही रुजली. डोंगरातल्या मुलींच्या पायांत वेग उपजतच असतो, अनवाणी धावणे त्यांच्या रक्तातच असते, असे आपण सहज बोलून जातो. १९२८ मध्ये स्त्रीदेहाविषयी न तपासता निषेध झाला. येथे न तपासता स्तुती होते. परिणाम दोन्हींचा एकच : समाजाला काही करावे लागत नाही. वेग उपजत असेल, तर मैदान कशाला, मार्गदर्शक कशाला आणि सकस आहार तरी कशाला? कविता राऊतचे यश मात्र वेगळेच सांगते. त्यामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली केलेली वर्षानुवर्षांची मेहनत होती. डोंगराने दम दिला. पदकापर्यंत नेले ते शिस्तीने.

म्हणूनच डहाणू आणि तलासरीकडे पाहायला हवे. येथील वारली, कोकणा कुटुंबांतील मुलीही रोज चढउतार तुडवतात. आश्रमशाळांच्या स्पर्धांत त्या हिरिरीने धावतात. पण स्पर्धा संपली की पुढे काय? भातकापणी उरकून दिवाळी सरली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि मुलगीही धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जाते. लांब पल्ल्याचा धावपटू घडायला अनेक वर्षे अखंड सराव लागतो. येथे तो दरवर्षी अर्ध्यावर तुटतो. त्यात रक्तक्षय असेल तर लांब पळताना दम पुरत नाही आणि ‘हिच्यात तेवढी चिकाटी नाही’ असा शिक्का बसतो. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येते खरी; पण पाड्यावरच्या बारा वर्षांच्या मुलीने पहाटेच्या सरावासाठी मुंबई गाठावी, ही अपेक्षा कोण धरील?

या प्रश्नाचे उत्तर डहाणू तालुक्याच्याच मातीत आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर शाळाच कुरणात नेली. त्यांची कुरणशाळा ही केवळ शिक्षणातील कल्पकता नव्हती. वंचिताला उंबरठ्यापर्यंत यायला न लावता आपणच त्याच्या अंगणात जाण्याचा तो संस्कार होता.

तोच संस्कार आज मैदानाला हवा. दोन्ही तालुक्यांत निवडक आश्रमशाळांजवळ मातीची ४०० मीटरची धावपट्टी, वर्षभर तेथेच राहणारा जाणता मार्गदर्शक, नियमित रक्ततपासणी व पोटभर सकस अन्न आणि पालक स्थलांतरित झाले तरी मुलीला सराव सुरू ठेवता येईल असे वसतिगृह, एवढी ही मागणी आहे. शासनाने आपला भाग उचललाच पाहिजे. परंतु शहरातील सुखवस्तू कुटुंबांनीही एकेका मुलीच्या बुटांचा, आहाराचा आणि प्रवासाचा भार काही वर्षे सातत्याने वाहिला, तर ते कार्य मोठे ठरेल. एका दिवसाच्या सत्काराने धावपटू घडत नाही.

कविता राऊतने वाट दाखवून दिली आहे. त्या वाटेवर दुसरी, तिसरी, दहावी मुलगी धावू लागेल, तेव्हाच तिच्या अग्रेसरत्वाचा खरा गौरव होईल. ताराबाई-अनुताईंनी शाळा पाड्यावर नेली. आता मैदान नेण्याची पाळी आपली आहे.