तीनशे सत्त्याहत्तर मते

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गेटाजवळ दोन बाक आहेत. संध्याकाळी आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी तिथे बसतो. विषय ठरलेले: गुडघे, पाण्याचा दाब, नातवंडांच्या परीक्षा. पण २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले आणि त्यानंतर एक विषय जो येऊन बसला तो अजून उठायला तयार नाही. आमच्या बेलापूर मतदारसंघात मंदाताई म्हात्रे निवडून आल्या आणि संदीप नाईक हरले. फरक होता ३७७ मतांचा. आमच्यासारख्या दोन-तीन सोसायट्यांचे मतदार मोजले तर भरतील एवढा!

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणतात, "मशीन कधी चुकतं का? कॅल्क्युलेटरवर संशय घेता का तुम्ही?" दुसऱ्या टोकाला बसणारे म्हणतात, "सगळं आधीच ठरलेलं असतं हो." मला दोघांचेही पटत नाही. आमच्या इथल्या निकालाबद्दल माझ्या मनात शंका नाही, हेही आधीच सांगून टाकतो. माझे म्हणणे जरा वेगळे आहे, आणि ते सांगायला मला तीस वर्षे मागे जावे लागेल.

१९९५ ची विधानसभा. शिक्षक म्हटला की निवडणुकीचे काम आलेच. त्या वेळी मला ठाणे जिल्ह्यात मतमोजणीला जावे लागले. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. पेट्यांतून पत्रिकांचा ढीग निघायचा, तो मिसळायचा, मग टेबलाटेबलावर वाटून चिन्हांप्रमाणे खणांत लावायचा. आमच्या पुढ्यात लाकडी चौकटीला ठोकलेली तारेची जाळी, आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी, नाके अक्षरशः जाळीला टेकवून. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला असेल तर पत्रिका वर धरून दाखवायची. बाण असलेल्या फुलीचा तो शिक्का होता. तो तसा का, हे मला तिथेच कळले. पत्रिकेची घडी घातली की ओली शाई दुसऱ्या बाजूला उमटते; पण या शिक्क्याचे उलटे उमटलेले रूप लगेच ओळखू येते, त्यामुळे खरे मत कुठले आणि घडीची छाप कुठली यावर वाद राहत नाही. ज्याने हे शोधून काढले त्याला माझा नमस्कार.

रात्री दोनच्या सुमारास माझे डोळे जड झाले आणि मी एका उमेदवाराचा गठ्ठा दुसऱ्याच्या खणात ठेवला. कुणाचा, कुठला, ते आता सांगत नाही. जाळीपलीकडून एक विशीतला पोरगा ओरडला, "ओ मास्तर, तो गठ्ठा कुठं चालला?" मी चपापलो. गठ्ठा उचलून पाहिला, तर त्याचे बरोबर होते. मान खाली घालून तो जागेवर ठेवला. वीस वर्षे मुलांच्या चुका काढणारा मी, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाच्या मुलाने माझी चूक काढली. त्या वेळी राग आला होता, खोटे कशाला बोलू?

पण नंतर विचार केला तेव्हा जाणवले, की त्या मंडपातल्या मोजणीवर लोकांचा विश्वास होता तो काही माझ्या प्रामाणिकपणामुळे नव्हता. मी प्रामाणिकच होतो, आणि तरी चुकलो. विश्वास होता तो त्या जाळीमुळे. ज्याला मी नको होतो, ज्याला माझा संशय होता, त्यालाच समोर बसवले होते.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला मतपत्रिका परत हव्यात. तसे नाही. कागदाने काय काय पाहिले आहे! ३० जानेवारी २०२४ ला चंदीगडच्या महापौरपदाच्या निवडणुकीत निवडणूक अधिकाऱ्यानेच मतपत्रिकांवर खुणा करून आठ मते बाद ठरवली होती. पण ते कॅमेऱ्यात दिसले, आणि सर्वोच्च न्यायालयाला त्याच आठ पत्रिका मागवून डोळ्यांनी पाहता आल्या. निकाल फिरला. कागदावरही लबाडी होते. मात्र मागे खूण राहते आणि ती बघायला तज्ज्ञ लागत नाही.

यंत्राच्या बाबतीत तशी खूण म्हणजे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते. पण मोजतात किती? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितल्यापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांत मिळून १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या, असे आयोगाने जाहीर केले. मी ते मानतो. पण चुरशीच्या लढतीत हरलेल्या माणसाला उरलेल्या केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून हव्या असतील तर तो फक्त अर्ज करू शकतो. मंजूर करायचा की नाही ते निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती.

मी दहावीचे पेपर वर्षानुवर्षे तपासले. पूर्वी पालक यायचे, भांडायचे, कुणी रडायचे. मग बोर्डाने उत्तरपत्रिकेची छायाप्रत द्यायला सुरुवात केली. शुल्क भरा, स्वतःचा पेपर पाहा. बहुतेक मुले पेपर पाहून गप्प बसतात. काहींचे गुण वाढतातही. पंधरा वर्षांच्या मुलाला जो हक्क आहे तो ३७७ मतांनी हरलेल्या उमेदवाराला का नसावा, याचे उत्तर मला बाकावर कुणी दिलेले नाही.

सोलापूर जिल्ह्यातले माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी आठवते? तिथे राम सातपुते यांना १००३ आणि उत्तमराव जानकर यांना ८४३ मते मिळाली. मतदारसंघात जानकर जिंकलेच होते, पण गाव म्हणाले, आमच्याकडून यांना इतकी कमी मते कशी? आणि ३ डिसेंबर २०२४ ला गावाने स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान घ्यायचे ठरवले. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान झाले नाही, वर गुन्हे दाखल झाले. त्या फेरमतदानाला कायद्याने काही अर्थ नव्हता, हे खरे. गावाच्या मांडवात, कोण कुठे उभे आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना दिलेले मत गुप्त तरी कितपत राहिले असते? पण त्या गावाच्या केंद्रांवरच्या चिठ्ठ्या सीलबंद पडलेल्या होत्या. अठराशे-दोन हजार चिठ्ठ्या! चार शिक्षक बसवले असते तर दुपारच्या जेवणाआधी काम उरकले असते. पोलिसांपेक्षा ते स्वस्तही पडले असते.

उलट झाले असे, की २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक नियमांतला ९३ क्रमांकाचा नियम बदलून मतदान केंद्रातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे सामान्य माणसाला पाहण्यासाठी बंद केली. त्याआधी महिनाभर संध्याकाळी पाचचा ५८.२२ टक्क्यांचा आकडा शेवटी ६६.०५ कसा झाला यावरून गदारोळ चालू होता. रांगेतल्या लोकांचे मतदान उशिरापर्यंत चालते, आकडे गोळा व्हायला वेळ लागतो, हे मी स्वतः केंद्रावर बसून पाहिले आहे. कारण साधे असेलही. पण वर्गात बेरीज बरोबर असूनही पायऱ्या लपवणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण कधी दिले नाहीत.

पक्षांबद्दल न बोललेले बरे. जून २०२४ मध्ये लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या तेव्हा यंत्रे चांगली होती. आणि २०१० मध्ये ईव्हीएमवर टीका करणाऱ्या पुस्तकाला प्रस्तावना कुणी लिहिली होती? लालकृष्ण अडवाणींनी. जो हरतो त्याला यंत्र आठवते. म्हणून तर मी म्हणतो, हरणाऱ्यासाठी सोय करा. जिंकणारा कधी मोजणी मागत नाही. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरक असेल आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केली, तर सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या माणसांसमोर मोजा. निकाल एक दिवस उशिरा लागेल. आमच्या काळी तो दोन-दोन दिवस लागत नसे, आणि देश चालूच होता.

परवा, म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला, नवी मुंबई महापालिकेचे मतदान झाले. इथे पहिल्यांदाच प्रभागातून चार-चार नगरसेवक. चार बटणे दाबायची. मी चष्मा पुसून एकेक दाबले आणि सवयीने चिठ्ठी पाहायला काच शोधू लागलो. तिथे काच नव्हती. महापालिकेच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतेच. मागे रांग वाढत होती. टेबलावर बसलेली मुलगी, बहुधा शिक्षिकाच असावी, हळूच म्हणाली, "आजोबा, झालं तुमचं मत. यात चिठ्ठी नाही दिसत."

"मग कळायचं कसं, बाळ?" मी विचारले.

ती हसली आणि पुढच्या माणसाच्या बोटाला शाई लावू लागली.