वाटा नको, माहेर हवं?



बायबलच्या जुन्या करारात सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाची जमीन मागतात. भाऊ नव्हता, म्हणून मिळाली. मागाहून अट आली: लग्न बापाच्याच वंशात करायचं! भाऊ असेल तिथे ज्यू धर्मशास्त्र मुलीला वाटा देत नाही. तिला पोसण्याचं कर्तव्य मात्र घालून देतं. मिश्ना तर म्हणतं, मालमत्ता थोडी असेल तर मुलींना पोसा, मुलांनी दारोदार मागावं. कर्तव्य कडकच, पण सातबारा भावाचा. आपल्याकडच्या बेने इस्रायली मुलींना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, भावाइतकाच वाटा आहे.

आणि आपण? महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, पण २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. पुन्हा लग्नच आडवं! ती अट २००५ मध्ये गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. तरी इथे संभाजीनगरच्या बैठकांत मी ऐकते, "वाटा मागितला तर माहेर तुटेल." भाऊबीजेच्या साडीच्या बदल्यात हक्कसोडपत्र! बायांनो, सही-अंगठा करण्याआधी निदान सातबारा काढून क्षेत्र किती ते वाचा.