प्रिंटर मेला नाही, दुभाष्या पळाला आहे



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एक गाऱ्हाणे वारंवार दिसते. घरात जुना कॉम्प्युटर आहे, जोडीला सेकंडहँड घेतलेला प्रिंटर आहे. मुलगी किंवा सून घर सांभाळून टायपिंगची, अर्ज भरून देण्याची कामे करते. कोणीतरी सांगितले की विंडोज १० बंद झाले, ११ टाका. टाकले. कॉम्प्युटर झकास सुरू झाला, पण प्रिंटर मुका झाला. दुरुस्तीवाला येतो, झाकण उघडतो, मान हलवतो आणि सांगतो, "मशीन गेले, नवीन घ्या." नवीन घ्यायचे म्हणजे बचत गटापुढे पुन्हा हात पसरणे आले. आम्ही सांगतो, थोडे थांबा.

आधी विंडोज १० 'बंद झाले' याचा अर्थ समजून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले. घरगुती वापर करणाऱ्यांनी वेगळी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. तेव्हा शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही रातोरात टाकायचे, असे करू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी असलेल्या आठवड्यात तर मुळीच नको.

आता मशीनची परीक्षा. ज्या प्रिंटरवर झेरॉक्सही निघते, त्याची कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढा आणि काचेवर रेशनकार्ड ठेवून झेरॉक्स काढा. प्रत स्वच्छ आली तर रोलर, टोनर, कागद गरम करणारा भाग, सारे शाबूत आहे. नुसता प्रिंटर असेल तर बऱ्याच मशीनवर एखादे बटण दाबून धरले की तपासणीचे पान निघते. कोणते बटण, ते मशीनच्या पुस्तिकेत असते. एवढे झाल्यावरही दुरुस्तीवाला "बोर्ड गेला" म्हणू लागला, तर त्याला म्हणावे, दादा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दाखवा. तिथे चालला की वाद मिटला.

मग बिघडते काय? कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांची भाषा एक नसते. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम दुभाष्याचे काम करतो. विंडोज बदलले की जुना दुभाष्या कधी पुसला जातो, कधी हजर असूनही नव्या मालकाचे बोलणे त्याला समजत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे निघते. पूर्वी तुमच्याकडे ३२ बिटचे विंडोज असेल तर तेव्हाचा ३२ बिटचा ड्रायव्हर कितीदाही टाका, चालणार नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत घरोघरच्या पाट्या-वरवंट्यासारखे झाले. ते स्वस्त पडत, कारण त्यांच्या पोटात डोके फार थोडे. पानावर कुठे काळे, कुठे पांढरे याचा सारा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि प्रिंटर सांगितले तेवढे उमटवतो. म्हणून या मशीनला तिचा स्वतःचाच ड्रायव्हर लागतो, उसना चालत नाही. याउलट लेझरजेट १३२० सारख्या मशीनला कॉम्प्युटरजगातल्या सर्वमान्य छपाई-भाषा येतात. तिला कंपनीचा सर्वसाधारण, म्हणजे युनिव्हर्सल ड्रायव्हर दिला तरी ती कामाला लागते. पुढे कधी सेकंडहँड मशीन घ्याल तेव्हा हा फरक जरूर विचारा.

ड्रायव्हरला हात घालण्यापूर्वी सोपे उपाय करून पाहा. सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. तिथे तुमच्याच प्रिंटरचे नाव दोनदा दिसेल, एकापुढे 'कॉपी १' असे. केबल दुसऱ्या भोकात लावली तरी असे होते. त्यांतले जिवंत नाव ठेवा, ऑफलाइन दाखवणारे काढून टाका. प्रिंट दिल्यावर कॉम्प्युटर फाइलचे नाव विचारत असेल तर कागद 'प्रिंट टू पीडीएफ' कडे चालला आहे. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही खूण काढा आणि आपला प्रिंटर स्वतः निवडा. पाठवलेली कामे रांगेत अडकली असतील तर स्टार्टच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' शोधा आणि यादीतील 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा.

एवढ्याने भागले नाही तर जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. प्रथम केबल सोडवा, मग यादीतून प्रिंटर काढा, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' मधल्या ड्रायव्हर्सच्या पानावरूनही त्याचे नाव पुसा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नवा ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा. ११ चा सापडला नाही तर विंडोज १० चा ६४ बिटचा घ्या, बहुतेक वेळा तो चालतो. आणि महत्त्वाचे म्हणजे, केबल लाव असे पडद्यावर सांगेपर्यंत केबल लावू नका. पोरे उतावीळ असतात, नेमकी इथेच घाई करतात.

येथे भगिनींना खास इशारा. शोध घेताना 'प्रिंटर हेल्पलाइन' म्हणून जे फोन नंबर वर दिसतात, त्यांत भामट्यांचा सुळसुळाट आहे. ते गोड बोलून एखादे ॲप टाकायला लावतात, तुमचा पडदा त्यांच्या हाती जातो आणि बँकेचे खाते धुऊन निघते. ड्रायव्हर कंपन्या फुकट देतात, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवा.

प्रिंटर चालू झाला तरी दोन भानगडी उरतात. नव्या ड्रायव्हरमध्ये कागदाचे माप कधी 'लेटर' होऊन बसते. लेटर ए-४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड, म्हणून तळच्या ओळी तुटतात किंवा मशीन कागद मागत दिवा लुकलुकवत बसते. माप ए-४ करा. दुसरी भानगड आपल्या मराठीची. विंडोज पुसून नव्याने टाकले असेल तर शिवाजी, कृतीदेव यांसारखे जुने फॉन्ट जातात आणि लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी छापली जाते. त्यात प्रिंटरचा दोष नाही, फॉन्ट परत टाका. मंगल आणि कोकिळा हे फॉन्टही आता विंडोजबरोबर आपसूक येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट मागवून घ्यावेत.

यातले काहीच साधले नाही आणि ११ टाकून दहा दिवस झाले नसतील, तर सेटिंग्जमधील 'सिस्टिम', तिथे 'रिकव्हरी', त्यातील 'गो बॅक' दाबून विंडोज १० परत आणता येते. मात्र पुसून टाकले असेल तर ही वाट बंद. आणि उद्याच शेवटची तारीख असेल तर खटपट सोडा, अर्जाची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या आणि सरळ नाक्यावरचे दुकान गाठा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसलेले असतात, त्यामुळे तिथे मराठी बिघडत नाही. दुकानदाराला 'ॲक्च्युअल साइज' वर छापायला सांगा.